जुन्या भाजी मंडईच्या जागी व्यापारी संकुल: नगरपरिषदेत ठराव झाला, आता कुठले कागद बघायचे?

मंडईकाठ

महाराष्ट्रातल्या एका ब वर्ग नगरपरिषदेची गोष्ट आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मुख्य चौकातली जुनी भाजी मंडई पाडून तिथे तळघर, तळमजला आणि वर दोन मजले असं व्यापारी संकुल बांधायचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. मूळ अजेंड्यावर हा विषय नव्हता, ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आला. ठरावात इमारत धोकादायक असल्याचं एक वाक्य आहे. ‘खर्च नगरपरिषद फंड, शासन अनुदान व गाळ्यांच्या अनामत रकमेतून भागवावा’ असं दुसरं वाक्य आहे. बाकी काही नाही.

सध्या आत पक्के गाळे आहेत, ओटे आहेत आणि बाहेर रस्त्यावर पाटीवाल्या बसतात. सगळ्यांना ‘नव्या इमारतीत तुम्हालाच जागा’ असं तोंडी सांगितलंय. ठेकेदार मंडळींत चर्चा आहे की पुनर्विकास असल्यामुळे ३० टक्के जादा चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडावर जेवढं बांधता येतं ते) मिळणार.

प्रश्न असे:
१) एवढ्या ठरावावर काम सुरू होऊ शकतं का?
२) पैसे खरोखर आहेत की नाहीत, हे अंदाजपत्रकात कुठे दिसतं?
३) ‘तुम्हालाच जागा’ याला कायद्यात काही आधार आहे का?
४) हरकत घ्यायची तर कुठे, आणि कधीपर्यंत?

---

जमाखर्च

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

नगरपरिषदेचं अंदाजपत्रक कायम ‘शिलकी’ असतं. बातमीही तशीच येते: अमुक कोटींचं, तमुक लाख शिलकीचं. त्या शिलकेवर जाऊ नका. सुरुवातीची शिल्लक म्हणून जो आकडा दाखवतात, त्यातला मोठा भाग योजनांचा अखर्चित निधी असतो: नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा, वित्त आयोग. तो पैसा बँकेत असला तरी मंडईला वळवता येत नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात (दशलक्षी शहरं सोडून) ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्याची, निम्मी स्वच्छता आणि घनकचऱ्याची. उरलेली ४० टक्के अबंधित, पण तिच्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही.

मग बघायचं काय? अंदाजपत्रकात प्रत्येक शीर्षासमोर गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. मालमत्ता करासमोर हे तिन्ही आकडे ओळीने वाचा. प्रत्यक्ष वसुली दोन कोटी आणि पुढचा अंदाज सव्वातीन कोटी असेल तर समजायचं की जुनी थकबाकी सगळी वसूल होणार असं धरून उत्पन्न फुगवलंय. त्या फुगवलेल्या सव्वा कोटीवर कुणीतरी एखादं काम बसवलेलं असतंच.

नंतर भांडवली खर्चात मंडईचं शीर्ष शोधा. तिथे १ लाख किंवा नुसते १,००० रुपये दिसले तर ती लाक्षणिक तरतूद. ‘हेड उघडून ठेवलंय’ म्हणतात ती हीच. काम त्या वर्षी होणार असा तिचा अर्थ नाही. पुढे पैसे आले तर पुनर्विनियोजन करून (दुसऱ्या शीर्षातून वळवून) तिथे टाकता यावेत, इतकाच उद्देश.

नगरपरिषद फंडावर आधीच बांधलेले खर्चही मोजा. महिला व बालकल्याण ५ टक्के, दुर्बल घटक ५ टक्के, दिव्यांग ५ टक्के. त्यावर पाणीपुरवठ्याचं वीजबिल, सफाईचा ठेका, निवृत्तांची देणी. पुष्कळ ब आणि क वर्ग परिषदांत एवढं भागवून स्वतःच्या फंडात कोटीभरसुद्धा मोकळे उरत नाहीत.

आता तुमच्या ठरावातला सगळ्यात धोक्याचा शब्द: ‘अनामत रक्कम’. परत करायची अनामत हे उत्पन्न नव्हे, ते देणं आहे. लेखा संहिता २०१३ प्रमाणे दुहेरी नोंद पद्धतीत ती दायित्वाच्या बाजूला बसते. तिच्यातून ठेकेदाराची बिलं भागवली तर गाळेधारक सोडून जाताना अनामत मागतो तेव्हा तिजोरी रिकामी असते. विनापरतावा अधिमूल्य (गाळा देताना घेतलेली, परत न करायची रक्कम) असेल तर ते भांडवली उत्पन्न. ठरावात यातलं काय अभिप्रेत आहे हे लिहिलेलंच नाही, म्हणजे नंतर सोयीचा अर्थ लावायला वाव ठेवलाय.

एक हिशेब करून दाखवतो, आकडे केवळ समजण्यापुरते. समजा ३,००० चौ.मी. बांधकाम, दर २८,००० रुपये, म्हणजे ८.४० कोटी. ६० गाळे, प्रत्येकी ८ लाख, म्हणजे ४.८० कोटी. तूट ३.६० कोटी. वरच्या मजल्यावरचे २४ गाळे लिलावात गेलेच नाहीत (आणि ते जात नाहीत) तर १.९२ कोटी कमी आले, तूट ५.५२ कोटी. उरलेल्या ३६ गाळ्यांचं भाडं महिना ४,००० धरलं तर वर्षाला १७.२८ लाख. जिने, लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक आणि वीज यांतच त्यातलं बरंचसं संपतं. गावोगावी पिलरच्या सळया आकाशाकडे बघत उभ्या असलेली जी संकुलं दिसतात, ती बहुतेक याच गणितात अडकलेली आहेत.

---

सातबारा

जमाखर्च यांनी पैशाचं नीट सांगितलंय. जागेचं मी सांगतो. पैसा असून जागेपायी अडलेली कामं कमी नाहीत.

पहिला कागद मालमत्ता पत्रक किंवा सातबारा. धारक म्हणून नगरपरिषदेचं नाव आहे की शासनाचं? अनेक गावांत मंडईची जागा मुळात सरकारी, ठरावीक प्रयोजनासाठी अटी घालून नगरपालिकेला दिलेली असते. अशा जागेवर मंडईऐवजी कपड्यांची आणि मोबाईलची दुकानं काढली तर शर्तभंग होतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते, नंतर नाही.

दुसरा विकास योजनेचा नकाशा. तिथे ‘भाजी मंडई’ असं आरक्षण असेल तर तेवढी मंडई आधी भागली पाहिजे. वापर बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव, त्याची जाहीर सूचना, एक महिन्यात हरकती-सूचना, सुनावणी आणि शासनाची मंजुरी, एवढा रस्ता आहे. हरकत घ्यायची सगळ्यात मजबूत जागा हीच, आणि लोक नेमकी तीच चुकवतात, कारण सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते.

३० टक्क्यांची चर्चा चुकीची आहे. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (डिसेंबर २०२०) विनियम ७.६.१ खाली जे प्रोत्साहनपर क्षेत्र आहे, म्हणजे अस्तित्वातल्या अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा प्रति सदनिका १५ चौ.मी. यांतलं जास्त असेल ते, ते अनेक सदनिकांच्या जुन्या राहत्या इमारतींसाठी आहे. मंडईला सदनिका कुठून आल्या? इथे त्या भूखंडाचा मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, लागू असेल तर अधिमूल्य भरून मिळणारा, आणि त्यावर अनुषंगिक क्षेत्र (जिने, बाल्कनी अशा भागांसाठीचं जादा चटईक्षेत्र), एवढंच. हे अनुषंगिक क्षेत्र निवासीला ६० टक्क्यांपर्यंत आणि बिगरनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत असतं. वास्तुविशारदाने ८० टक्के पूर्ण धरून नकाशा फुगवलाय का ते बघा. तेवढं बांधलं की वाहनतळाची गरजही त्याच मापाने वाढते आणि मग तळघर येतं.

आता ‘तुम्हालाच जागा’. तिन्ही गट एका वाक्यात गुंडाळलेत, कायद्यात मात्र ते तीन वेगळे आहेत.

गाळेधारक: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ३ स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना त्या कायद्यातून वगळतं. म्हणजे खाजगी मालकाच्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते इथे नाही. हक्क काय तो करारनाम्यातून येईल. करार संपलेला, भाडं मात्र भरणं चालू, अशी अवस्था असेल तर आत्ताच लेखी मागणी करा. मूळ गाळेधारकाने पोटभाडेकरू ठेवला असेल तर सगळ्यात आधी त्या पोटभाडेकरूचाच बळी जातो. नवे गाळे देताना नगरपरिषद अधिनियम, १९६५ चं कलम ९२ आणि स्थावर मालमत्ता हस्तांतरणाचे १९८३ चे नियम लागतात. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद स्वतः करू शकते, पण लांब मुदतीला वरची मंजुरी लागते. ‘जुन्यांना विनालिलाव’ हे नुसत्या सभेतल्या आश्वासनाने होत नाही, ठरावात नावं, जुनं क्षेत्र, नवं क्षेत्र, भाडं ठरवण्याची रीत हे सगळं यावं लागतं आणि तो ठराव मंजुरीला पाठवावा लागतो.

ओटेधारक: यांच्याकडे करार नसतो, रोजची बाजार फी असते. हातात असते ती पावती. बाजार वसुलीचा ठेका दिलेला असेल तर पावत्या ठेकेदाराच्या, नाव नाही, ओटा क्रमांक नाही. म्हणून पाडकामाआधी नगरपरिषदेने ओटानिहाय यादी करून ती नोटीस बोर्डावर लावणं, ही यांच्यासाठी एकमेव खरी मागणी.

पाटीवाल्या: यांना उलट केंद्रीय कायद्याचं छत्र आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते. सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती लागते, आणि समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे. विचित्र वाटेल, पण कायद्याच्या कागदावर रस्त्यावरची बाई आतल्या ओटेधारकापेक्षा भक्कम आहे.

---

ओळंबा

बांधकामाच्या अंगाने.

‘धोकादायक’ हे ठरावातलं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खाली मुख्याधिकाऱ्यांची नोटीस आहे का? तिच्यामागे संरचनात्मक परीक्षणाचा अहवाल आहे का? अहवालात नुसते फोटो आणि ‘प्लास्टर निघालेले आहे, सळई गंजलेली आहे’ एवढंच असेल तर तो अहवाल नाही, निरीक्षण आहे. रिबाउंड हॅमर, ध्वनिलहरींची चाचणी, कार्बोनेशनची खोली, हाफ-सेल (सळईच्या गंजाची चाचणी) आणि काँक्रीटचे कोअर (कापून काढलेले नमुने), हे आकडे हवेत. कोअर किमान तीन. आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, असा निकष आहे. तो नव्या काँक्रीटच्या स्वीकृतीसाठी लिहिलेला आहे, तरी तुलनेला पट्टी म्हणून उपयोगी पडतो. अहवालाचा शेवट इमारत ‘सी-१’ (तातडीने पाडणे) आहे की दुरुस्तीयोग्य, याच्या स्पष्ट शेऱ्याने व्हायला हवा. जुनी मंडई दगडी भिंतींची आणि वर लोखंडी कैच्या-पत्रा अशी असेल तर कोअरचा प्रश्नच नाही. तिथे कैच्यांचे सांधे आणि गंज बघायचा, आणि तशी मंडई बऱ्याचदा छप्पर बदलून आणखी ३० वर्षं चालते.

अंदाजपत्रकाचं म्हणाल तर तीन ठिकाणी बोट ठेवा.

एक, पाया. मातीपरीक्षणाचा अहवाल जोडलेला आहे का, की ‘२ मीटर खोल धरले’ असं आहे? काळ्या मातीत, तेही तळघरासह, हा आकडा खोटा ठरतो. मग खोदाई, पाणी उपसणं आणि काँक्रीट यांचं परिमाण वाढतं. बी-१ निविदेच्या (सरकारी कामांच्या निविदेचा एक ठरलेला नमुना) कलम ३८ प्रमाणे बाबीचं परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर ठेकेदाराला निविदेच्याच दराने करावं लागतं. त्यापुढच्या परिमाणाला दराचा विषय पुन्हा निघतो. फार कमी दराने निविदा घेतलेला ठेकेदार या दरवाजाची वाट बघत असतो.

दोन, दरसूची कुठल्या वर्षाची आणि तांत्रिक मान्यता कुठल्या अधिकाऱ्याची. मान्यतेच्या तारखेनंतर नकाशा बदलला असेल तर ती मान्यता त्या नकाशाची राहत नाही.

तीन, पाडकामातलं भंगार. जुन्या कैच्या, सागाची दारं, सळई, दगड. हे लिलावाने विकून परिषदेच्या खात्यात जमा व्हायला हवं किंवा ठेकेदाराच्या बिलातून वजा. अंदाजपत्रकात ‘पाडकाम व राडारोडा वाहतूक’ ही खर्चाची ओळ असते, जमेची ओळ गायब असते.

आराखड्याबद्दल न विचारता सांगतो. भाजी तळमजल्यावरच विकली जाते, अर्धा मजला खाली नाही आणि वर तर नाहीच. तळघरात मंडई टाकली की पहिल्याच पावसाळ्यात विक्रेते रस्त्यावर येतात. ओट्याची उंची साधारण ४५ ते ६० सेंमी, ओट्यांमधली वाट दोन माणसं पिशव्यांसह जातील अशी २ मीटर तरी. फरशीला जाळीच्या नालीकडे १:६० ते १:८० उतार, आणि टेम्पो सकाळी पाचला मागच्या बाजूने लागेल अशी वेगळी जागा. नकाशात ही मागची बाजूच नसेल तर माल पुढच्या रस्त्यावर उतरेल आणि त्या रस्त्याची रोज सकाळी कोंडी होईल.

---

मंडईकाठ

सगळ्यांचे आभार. मालमत्ता पत्रकाची नक्कल काढली. धारक ‘सरकार’ आणि खाली नगरपालिकेकडे मंडईसाठी दिल्याची नोंद आहे. कलम १९५ ची नोटीस बोर्डावर दिसत नाही. चौथा प्रश्न मात्र राहिला: हरकत कुठे? आणि माहिती अधिकारात काय मागावं? मागे एकाने ‘प्रकल्पाची संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज केला होता, ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर आलं.

---

जमाखर्च

तसं उत्तर येणारच होतं. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ‘का’ आणि ‘कसे’ विचारू नका, कागदाचं नाव लिहा. तुमच्या बाबतीत तीन वेगळे अर्ज करा.

पहिला: त्या सभेचा अजेंडा, विषयपत्रिकेवरची टिप्पणी, हजेरी आणि इतिवृत्ताची प्रमाणित प्रत. आयत्या वेळी विषय घ्यायला अध्यक्षांची परवानगी कशी नोंदली आहे ते यात दिसेल. ठराव प्रशासकाच्या काळातला असेल तर हा अर्ज जास्तच महत्त्वाचा, कारण २०२१-२२ नंतर निवडणुका होईपर्यंत बहुतेक परिषदांत प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता.

दुसरा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, संरचनात्मक परीक्षण अहवाल.

तिसरा: गेल्या तीन वर्षांचे स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे अहवाल आणि त्यातल्या प्रलंबित आक्षेपांचं अनुपालन. जुन्या गाळ्यांची थकीत भाडी, मुदत संपलेले करार, अनामतीची नोंदवही न जुळणं, हे सगळं लेखापरीक्षकाने आधीच लिहून ठेवलेलं असतं. कुणी वाचत नाही एवढंच.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, २० रुपयांचा स्टँप. प्रतीसाठी पान २ रुपये. अवलोकनाची मागणीही करा, फाईल समोर बसून चाळली की टिप्पणीच्या समासात लेखापालाने काय शेरा मारलाय तेही दिसतं. ‘निधी उपलब्ध नाही’ असा एखादा शेरा समासात असतोच.

---

सातबारा

हरकतीचं. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली परिषदेचा ठराव बेकायदेशीर किंवा सार्वजनिक हिताला बाधक असेल तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. अर्ज नगरपालिका प्रशासन शाखेत, प्रत जिल्हा सहआयुक्तांना. पण ‘आमच्यावर अन्याय होतोय’ असा अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. मुद्दे क्रमाने आणि कागद जोडून लिहा: जागा शासनाची, प्रयोजन मंडई, बदलाला परवानगी नाही. निधीचा स्रोत अनिश्चित, तरतूद लाक्षणिक. धोकादायक असल्याचा अहवाल नाही. गाळे-ओटेधारकांची यादी नाही. सरकारी जागेचा मुद्दा पहिला ठेवा, कारण त्यात जिल्हाधिकारी स्वतःच पक्षकार आहेत.

वेळ म्हणाल तर कार्यारंभ आदेश निघायच्या आधी. एकदा ठेकेदाराला आदेश गेला, सुरक्षा ठेव भरली, पत्रे ठोकून जागा बंद झाली की तहकुबी मिळाली तरी नुकसानभरपाईचा दावा परिषदेवर येतो आणि मग सगळे ‘आता होऊनच जाऊ दे’ म्हणतात. निविदा राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर येते, तिथे दर आठवड्याला परिषदेच्या नावाने शोधत राहा.

झाडं असतील तर १९७५ च्या झाडांच्या अधिनियमाची वेगळी परवानगी लागते, ते विसरू नका. जुन्या मंडईत एखादा पिंपळ असतोच.

---

कुडचडेकर

गोव्यातल्या वाचकांसाठी एवढंच की वरची कलमं इथे लागू नाहीत. आमच्याकडे गोवा नगरपालिका अधिनियम, १९६८ आहे, आणि मार्केटसारखी मोठी बांधकामं पुष्कळदा पालिका स्वतः न करता राज्य नागरी विकास संस्थेकडे, म्हणजे ‘सुडा’कडे जातात. त्यामुळे अंदाजपत्रक आणि निविदा पालिकेच्या फाईलीत सापडत नाही. माहितीचा अर्ज दोन्हीकडे करावा लागतो. सोपो (बाजार फी) गोळा करण्याचा ठेका आणि नाव नसलेल्या पावत्या, हा घोळ मात्र अगदी तोच.

---

ओळंबा

मंडईकाठ, एक उलट बाजूही लक्षात असू द्या. इमारत खरंच सी-१ निघाली तर सगळा विरोध एका पावसाळ्यात उलटू शकतो. म्हणून अर्जात ‘पाडू नका’ अशी मागणी करू नका. ‘आधी परीक्षण, मग पर्यायी जागेवर पत्र्याचे तात्पुरते ओटे, पाणी आणि दिव्यासह, मग यादी, मग पाडकाम’ असा क्रम मागा. तात्पुरत्या मंडईची बाब मूळ अंदाजपत्रकात नसते, ती घालून घ्या. आठवडी बाजाराच्या पटांगणात ओटे करता येत असतील तर भूभाड्याचाही प्रश्न येत नाही. पर्यायी जागा जुन्या जागेपासून पाच मिनिटांच्या चालीपलीकडे गेली की गिऱ्हाईक तुटतं, आणि विक्रेते आठवड्याभरात पाडलेल्या मंडईच्या पत्र्यांना टेकून बसायला लागतात.